आईंना अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर उतरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या जानेवारीत आईंना घेऊन अंटार्क्टिकाला जायचं आहे. बुकिंग अजून झालेलं नाही. आई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं सांधारोपण झालंय, रोज अर्धा-पाऊण तास चालतात, जिना कठडा धरून चढतात. जहाजावर त्या राहतील, पण किनाऱ्यावर उतरणं जमेल का, की बाकीचे उतरल्यावर त्या एकट्याच केबिनच्या खिडकीशी बसून राहतील, ही तुमची काळजी आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगते, बहुतेक ठिकाणी जमेल. मी चौदा हंगाम या जहाजांवर गाईड म्हणून काम केलंय. रबरी बोटी चालवते, किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी राहून माणसं उतरवून घेते. ऐंशी ओलांडलेल्या माणसांना मी हात देऊन उतरवलंय, आणि पस्तिशीतल्या धडधाकट माणसाला मनगट मोडलेल्या अवस्थेत परत जहाजावर नेलंय. त्यामुळे कुणी वय सांगितलं की मी ते ऐकून घेते आणि बाजूला ठेवते. मला दोन पावलं बघायची असतात. एक जहाजाच्या जिन्यावरून बोटीत, दुसरं बोटीतून किनाऱ्यावर. ती दोन जमली की पुढचं चालणं किती करायचं हे आपल्या हातात असतं. म्हणून आधी त्या दोन पावलांबद्दल सविस्तर लिहिते, कारण माहितीपत्रकांत पेंग्विनचे फोटो असतात, हे नसतं.

तिकडे जहाज लागायला धक्का नसतो. जहाज खोल पाण्यात थांबतं आणि त्याच्या अंगाला लावलेल्या उतरत्या जिन्याने, किंवा काही जहाजांवर पाण्याच्या पातळीजवळ उघडणाऱ्या दारातून, तुम्ही रबरी बोटीत येता. या बोटींना सगळे झोडियाक म्हणतात. मुळात ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव. हवा भरलेल्या जाड नळ्यांची बोट, मागे इंजिन, एका फेरीत साधारण दहा प्रवासी आणि एक चालक. बसायचं ते कडेच्या नळीवर, तोंड आतल्या बाजूला, पाठीमागे समुद्र, हातात नळीवरची दोरी.

जिन्याच्या शेवटच्या फळीवर एक खलाशी असतो, बोटीत दुसरा माणूस किंवा चालक स्वतः. बोट जागेवर स्थिर नसते. शांत दिवशी वीतभर वर-खाली होते, उसळी असेल तर मीटरभरसुद्धा. ती फळीच्या पातळीला येते, क्षणभर थबकते, आणि पुन्हा खाली जाते. पाऊल त्या थबकलेल्या क्षणी टाकायचं असतं. तो क्षण ओळखणं खलाशाचं काम आहे, तुमच्या आईंचं नाही. तो ‘आता’ म्हणेल. तो म्हणेपर्यंत उभं राहायचं, तीन उसळ्या गेल्या तरी उभं राहायचं. मागे रांग आहे, सगळे आपल्यासाठी थांबलेत, या संकोचापायी घाईत टाकलेल्या पावलाने जेवढी माणसं धडपडलेली मी पाहिली, तेवढी बर्फावर पाहिली नाहीत.

हात द्यायची पद्धतही ठरलेली आहे. तळव्यात तळवा द्यायचा नाही. ओल्या हातमोज्यांतून तळवा सटकतो. आईंनी खलाशाचं मनगट धरायचं, खलाशी त्यांचं मनगट धरतो. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत. कॅमेरा, काठी, पर्स, पाण्याची बाटली सगळं पाठीवरच्या पिशवीत, आणि पिशवीही मागितली तर आधी खलाशाकडे. मग एक पाऊल नळीवर, दुसरं बोटीच्या तळावर किंवा तिथे ठेवलेल्या पायरीवर, आणि लगेच बसायचं. एक पाय जिन्यावर आणि एक बोटीत अशा अवस्थेत थांबायचं नाही. गुडघ्याच्या बाबतीत फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं इथेही लागू पडतं: खाली उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी, वर चढताना चांगला पाय आधी. हे आईंच्या अंगवळणी पडलेलं असेलच. फक्त खलाशाला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो त्या बाजूने उभा राहील.

आता दुसरं पाऊल. किनारा जवळ आला की चालक बोटीचं नाक वाळूवर किंवा गोट्यांवर टेकवतो. वॉटरप्रूफ विजार चढवलेले दोघे-तिघे गाईड पाण्यात उभे असतात, ते बोट धरून ठेवतात. इथे उठून उभं राहायचं नसतं. बसल्या बसल्या नळीवरून घसरत पुढे यायचं, गाईडचा हात धरायचा, मग बसूनच दोन्ही पाय उचलून नळीवरून बाहेर फिरवायचे आणि पाण्यात सोडायचे. पाणी नडगीपर्यंत, कधी त्याहून थोडं वर. पाय तळाला लागले की उभं राहायचं आणि दोन लाटांच्या मधल्या वेळात सरळ वर चालत जायचं. याला आम्ही ‘वेट लँडिंग’ म्हणतो. अंटार्क्टिकात बहुतेक ठिकाणी हेच असतं. सपाट खडकावर किंवा जुन्या तळाच्या पायऱ्यांवर उतरता आलं तर ते ‘ड्राय लँडिंग’. नाव ऐकून लोकांना ते सोपं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. खडकावर शेवाळ असतं, बोट उसळत असते आणि पाऊल उंच टाकावं लागतं. गुडघ्याची अडचण असलेल्या माणसाला मी गुडघाभर पाण्यात उतरवणं कधीही पसंत करते.

त्या पस्तिशीतल्या माणसाचं असंच झालं. समुद्र काचेसारखा होता, त्याला हात घेणं कमीपणाचं वाटलं असावं. नळीवर उभा राहून त्याने गोट्यांवर उडी मारली. ओला गोल दगड पायाखालून फिरला आणि तो हातावर पडला. जहाजावर डॉक्टर असतो, एक्स-रे निघाला, प्लॅस्टर झालं. पण उरलेला सगळा प्रवास त्याला जहाजावरूनच बघावा लागला. मी तेव्हा त्याच्यापासून दोन हातांवर होते आणि तोंडातून ‘थांबा’ निघेपर्यंत सगळं झालं होतं. तेव्हापासून बोटीचं नाक टेकायच्या आधीच मी मोठ्याने सांगते: कुणी उभं राहायचं नाही.

याची तयारी घरीच होते आणि ती फुकट आहे. पलंगाच्या कडेवर बसा, दोन्ही हात बाजूला टेकवून बूड उचलत बाजूला सरका, पाच-सहा वेळा. मग आडव्या ठेवलेल्या उशीवरून दोन्ही पाय उचलून पलीकडे नेता येतात का बघा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठता येतं का बघा. आईंना हे आज जमत नसेल तरी जानेवारीपर्यंत वेळ आहे. मांड्यांचे स्नायू महिन्या-दोन महिन्यांत चांगलेच सुधारतात. चालण्याचे किलोमीटर वाढवण्यापेक्षा मी हे करायला सांगेन. आणि हे सगळं जाड कपडे, लाइफ जॅकेट घालून करायचं आहे हे लक्षात ठेवा. एकदा तरी घरात जाड जॅकेट घालून सराव करा.

बुकिंग अजून झालेलं नाही हे फार बरं झालं, कारण किनाऱ्यावर किती वेळ मिळणार हे जहाज निवडतानाच ठरतं. अंटार्क्टिक करारातल्या देशांनी २००९ मध्ये मान्य केलेल्या नियमांनुसार एका वेळी एका ठिकाणी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरू शकतात, दर २० प्रवाशांमागे किमान एक गाईड लागतो, आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाच उतरवायचं नसतं. तिथे सहली नेणाऱ्या कंपन्यांची १९९१ मध्ये स्थापन झालेली आयाटो ही संघटना हेच नियम पाळते. म्हणजे स्वस्त मिळतंय म्हणून हजार-दोन हजार प्रवाशांच्या जहाजाचं तिकीट घेतलंत तर अंटार्क्टिका फक्त डेकवरून दिसेल. १८०-२०० प्रवाशांच्या जहाजावर निम्मे लोक किनाऱ्यावर असताना निम्मे बोटींतून फेरफटका मारतात, मग अदलाबदल. शंभरच्या आसपास प्रवासी असतील तर सगळे एकदम उतरतात आणि मुख्य म्हणजे आईंना घाई करावी लागत नाही. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या खवळत्या समुद्रात, म्हणजे ड्रेक पॅसेजमध्ये, छोटं जहाज जास्त हलतं आणि महागही पडतं, हे खरं. पण तुमच्या बाबतीत मी पैसे तिथेच घालीन, मोठ्या केबिनवर नाही. चौकशी करताना एवढं नक्की विचारा: जहाजावर लिफ्ट बोटीत उतरायच्या मजल्यापर्यंत जाते का, आणि बोटीत जिन्याने उतरायचं की बाजूच्या दारातून. दारातून असेल तर आईंच्या गुडघ्यांचे दिवसाला कितीतरी पायऱ्यांचे कष्ट वाचतील.

महिना जानेवारी निवडलात ते योग्य आहे. नोव्हेंबरमध्ये किनाऱ्यापासूनच खोल, भुसभुशीत हिम असतं, पाय मांडीपर्यंत रुततो आणि नव्या गुडघ्याला तो पिळवटून काढणं त्रासाचं. जानेवारीत बऱ्याच किनाऱ्यांवरचं हिम वितळून गोटे आणि चिखल उघडे पडलेले असतात. चिखल म्हणजे बहुतांशी पेंग्विनची विष्ठा; तो निसरडा असतो आणि त्याचा वास जॅकेटला दिवसभर राहतो. पण तेव्हाच पिल्लं घरट्यांत असतात. ही जहाजं जातात त्या अंटार्क्टिक द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आगेमागेच असतं, दोन-तीन अंश वर, दोन-तीन खाली. थंडीची भीती लोकांना सर्वांत जास्त असते आणि प्रत्यक्षात त्रास वाऱ्याचा होतो.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. जॅकेट बहुतेक कंपन्या देतात. सुती काहीही नको. वॉटरप्रूफ विजार मात्र स्वतःची आणि चांगली हवी, आणि ती गमबुटाच्या बाहेरून सोडायची. दर फेरीत कुणीतरी ती बुटात खोचतं आणि पहिल्या लाटेला बूट आतून भरतो. गमबूट जहाजावर उसने मिळतात. पहिल्याच दिवशी जाड मोजे घालून ते बसवून बघा. बोटं आत हलली पाहिजेत. आवळ बुटात रक्त फिरत नाही आणि पाय गार पडतात. शस्त्रक्रियेनंतर आईंच्या पोटरीला अजून सूज येत असेल तर रुंद बुटाची मागणी आधीच कळवा. हातमोज्यांच्या दोन जोड्या, कारण एक भिजणारच.

किनाऱ्यावर पाय ठेवायच्या आधीची एक संध्याकाळ सगळ्यांचे कपडे तपासण्यात जाते. व्हॅक्यूम क्लीनर, चिमटे, ब्रश घेऊन आम्ही बसतो. खिसे, पिशव्यांचे कोपरे, बुटांचे तळ आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे वेल्क्रो. वेल्क्रोत गवताचं बी असं अडकून बसतं की सुईने काढावं लागतं. माणसं कंटाळतात, मला ते कळतं. पण द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की तळाजवळ १९८५-८६ च्या हंगामात बाहेरून आलेलं एक साधं गवत उगवलेलं दिसलं आणि ते काढून टाकण्यासाठी पुढे वर्षानुवर्षं माणसं खपली. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर शिकारी जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी जवळजवळ संपवले होते. संपूर्ण बेट उंदीरमुक्त झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. एका बियाचा किंवा एका उंदराचा हा हिशेब आहे. म्हणून वापरलेले ट्रेकिंगचे बूट किंवा काठ्या आणणार असाल तर घरीच घासून-पुसून आणा. किनाऱ्यावरून परतताना आणि पुन्हा जहाजावर, बूट ब्रशने घासून जंतुनाशकाच्या तबकातून जावं लागतं. त्या वेळी एका पायावर तोल सांभाळावा लागतो. आईंना कठडा धरायला सांगा, ब्रश आम्ही मारतो.

आता अशी गोष्ट, जी तुम्हाला जुन्या प्रवासवर्णनांत सापडणार नाही आणि तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. किनाऱ्यावर बसता येत नाही. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियाच्या परिसरात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडला. या विषाणूमुळे बसणं, गुडघे टेकणं, आडवं होणं, पिशवी खाली ठेवणं, सगळं बंद आहे. जमिनीला फक्त बुटाचा तळ आणि काठीचं टोक लागायचं. म्हणजे दमल्यावर दगडावर टेकणं नाही. आईंना तासभर उभं राहता येतं का, हा प्रश्न किती चालता येतं यापेक्षा आधी विचारा. येत नसेल तर अडून राहायचं कारण नाही. बोटी सतत जा-ये करत असतात, पंचवीस मिनिटांनी परत फिरायचं म्हटलं तरी कुणी कारण विचारत नाही. दोन काठ्या घ्या. एक हातात धरून तोल सांभाळला जातो, दोन असल्या की उभं राहताना अंगाचा भार वाटला जातो.

आणि उभं राहणं म्हणजे काही कमी नाही. किनाऱ्यावर आम्ही आधी जाऊन लाल झेंडे किंवा काठ्या रोवून वाट आखतो. धडधाकट माणसं त्या वाटेने टेकडीवर निघून जातात, वरून खाडी बघतात, घामाघूम होऊन परततात. जी माणसं खालीच एका जागी उभी राहतात त्यांना पेंग्विन दिसतात. पेंग्विनपासून आपण पाच मीटर लांब राहायचं हा नियम, पण पेंग्विनला तो लागू नाही. कुव्हरविल बेटावर मी एका आजींना वाटेच्या कडेला उभं करून दुसरीकडे गेले होते. वळून बघते तर एक जेंटू पेंग्विन त्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर. त्याने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला, त्यांच्या काठीचं टोक बघितलं, चोचीने एक खडा उचलला आणि शांतपणे त्यांच्या बुटाला वळसा घालून घरट्याकडे गेला. आजींनी श्वाससुद्धा रोखून धरला होता. बरोबर केलं त्यांनी. तो जवळ आला तर हलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. हिमात पेंग्विनच्या ये-जा करण्याने खोल पायवाटा पडलेल्या असतात. त्या ओलांडायच्या असतील तर गाईडला विचारून आणि पेंग्विन येत नसतील तेव्हा. तुमचा पाय हिमात रुतून खड्डा पडला तर तो बुटाने हिम ढकलून बुजवा. पेंग्विनचे पाय आखूड. आपल्या पावलाचा खड्डा त्याच्यासाठी विहीर असते. मी दरवेळी हे सांगते आणि मग सगळ्यांच्या मागून जाऊन राहिलेले खड्डे स्वतः बुजवते.

फर सीलच्या बाबतीत मात्र कौतुक नको. पंधरा मीटर अंतर, आणि तो अंगावर आला तर पळायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून उभं राहायचं, काठी आपल्या आणि त्याच्या मध्ये. तो जमिनीवर माणसापेक्षा वेगाने धावतो आणि त्याचा चावा वाईट चिघळतो. स्कुआ पक्षी डोक्यावर झेप घेत असेल तर त्याचं घरटं जवळ आहे असं समजा, काठी डोक्याच्या वर उभी धरा आणि आल्या वाटेने मागे जा.

ठिकाणांबद्दल. ही यादी हवामान ठरवतं, कंपनी ठरवत नाही. तरी आईंच्या दृष्टीने सांगते. डिसेप्शन बेटावरचा व्हेलर्स बे हा सर्वांत सोपा. ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवरात जहाज अरुंद खिंडीतून शिरतं, आत काळ्या वाळूचा सपाट किनारा, देवमाशांची चरबी वितळवायच्या गंजलेल्या टाक्या, आणि १९६९ च्या उद्रेकानंतर सोडून दिलेल्या ब्रिटिश तळाची पडकी घरं. हाफ मून बेटावर गोटे आहेत पण चढ फारसा नाही, चिनस्ट्रॅप पेंग्विन जवळ आहेत. पोर्ट लॉक्रॉयला खडक निसरडे असतात, तिथे दिवस बघून ठरवा; आतलं १९४४ चं ब्रिटिश ठाणं आणि टपालघर मात्र बघण्यासारखं.

नेको हार्बरबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. तिथे अंटार्क्टिकाच्या खऱ्या मुख्य भूमीवर पाऊल पडतं, बाकीची बरीच ठिकाणं बेटं आहेत, म्हणून प्रत्येकाला तिथे उतरायचं असतं. समोर हिमनदीचा उभा कडा आहे आणि तो कोसळतो. आधी तोफेसारखा आवाज येतो, मग निळा-पांढरा भाग पाण्यात बसतो. सगळे कॅमेरे तिकडे वळतात, आणि धोका त्यानंतर काही क्षणांनी मागून येतो. एकदा मी किनाऱ्यावर ड्युटीला असताना पाणी सळसळत मागे हटलं, इतकं की एरवी बुडालेले गोटे खडखडत उघडे पडले. मग ते परत आलं, आमच्या नेहमीच्या रेषेच्या बरंच वर. चालकांनी बोटी आधीच खोल पाण्यात काढल्या होत्या, माणसं वर होती, त्यामुळे भिजण्यापलीकडे काही झालं नाही. म्हणून नेकोला उतरल्यावर पाण्याच्या कडेला फोटोसाठी रेंगाळायचं नाही, लाइफ जॅकेटसुद्धा वर जाऊन काढायचं. आईंना चढायला वेळ लागतो, तेव्हा त्यांना पहिल्या बोटीत पाठवा आणि गाईडबरोबर लगेच उंचावर जाऊ द्या. मागे राहू नये असं ठिकाण हे एकच.

पाणी किती गार, हे सगळे विचारतात. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं, आणि तिथे उन्हाळ्यातही ते शून्याच्या आसपासच असतं. थंड पाण्याचा अभ्यास करणारे कॅनडाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांचा ‘१-१०-१’ हा हिशेब आम्ही सगळे पाठ करतो: पहिलं १ मिनिट धाप आवरण्याचं, साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि थंडीने शुद्ध जायला १ तासाच्या आसपास. लोकांना वाटतं पाण्यात पडलं की पाच मिनिटांत संपलं, तसं नाही. लाइफ जॅकेट असेल तर तोंड वर राहतं आणि बोट मिनिटभरात पोचते. पण आईंना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो पहिला धक्काच मोठा असतो. म्हणून फॉर्मवर आजार लपवू नका. पुष्कळ माणसं उतरू देणार नाहीत या भीतीने लपवतात. आम्हाला माहीत असेल तर आम्ही बोट निवडतो, वेळ निवडतो, एक माणूस जादा उभा करतो. वैद्यकीय विमा आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरलेला असणं ही अट बहुतेक कंपन्या घालतातच. किंग जॉर्ज बेटावर धावपट्टी आहे, पण ढग उतरले की विमान उतरत नाही, आणि जहाजाने परतायचं तर ड्रेक पॅसेजचे साधारण दोन दिवस मोजावे लागतात.

किनाऱ्यावर स्वच्छतागृह नसतं. यावर उपाय म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग चक्कर येते. पाणी प्या, निघण्याआधी जाऊन या, आणि लागलं तर बोटीने परत जा. आईंना लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर ती कधी घ्यायची हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. पाण्याखेरीज खाण्याचं काहीही किनाऱ्यावर न्यायचं नाही.

जाताना-येताना प्रत्येकाचं कार्ड किंवा क्रमांक नोंदला जातो. एक क्रमांक जुळला नाही तर जहाज हलत नाही. वारा अचानक वाढला आणि बोटी चालवता आल्या नाहीत तर काय, यासाठी पहिल्या बोटीतूनच तंबू, अन्न, पाणी, गरम कपडे किनाऱ्यावर उतरवलेले असतात. वेळ येऊ नये म्हणून आम्ही लवकर परत बोलावतो. ऊन पडलेलं असताना कुणी ‘सगळे बोटीकडे चला’ म्हणालं तर वाद घालू नका. हिमनदीवरून घसरत येणारा वारा दहा मिनिटांत खाडीचा रंग बदलतो, आणि आम्ही त्याची खूण दूरच्या पाण्यावर आधी पाहिलेली असते.

तुम्ही पर्याय म्हणून उत्तरेकडचं स्वालबार्ड, म्हणजे आर्क्टिकमधली नॉर्वेची बेटं, विचारलंय. तिथे पेंग्विन नाहीत, ध्रुवीय अस्वलं आहेत, आणि त्यामुळे किनाऱ्यावर उतरण्याची रीतच वेगळी. बंदूकधारी गाईड आधी उतरून आजूबाजूचा परिसर दुर्बिणीने धुंडाळतात. अस्वल दिसलं तर उतरणं रद्द. २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. एकट्याने एका जागी थांबणं तिथे चालत नाही, गटाबरोबरच राहावं लागतं. गट चालण्याच्या वेगानुसार करतात, तरी आईंना मनाप्रमाणे थांबता येणं अंटार्क्टिकात जास्त सोपं आहे. मी तुमच्या जागी असते तर दक्षिणच निवडली असती.

आणि एखाद्या दिवशी आईंना उतरावंसं वाटलं नाही, किंवा आम्हीच नको म्हणालो, तर बोटीचा फेरफटका असतो. त्यात उतरायचं नसतं, दीड तास हिमनगांमधून हळूहळू फिरायचं. बर्फाच्या तुकड्यावर झोपलेला लेपर्ड सील, बोटीच्या बाजूने वर येऊन फवारा सोडणारा हंपबॅक देवमासा, आणि इंजिन बंद केल्यावर बर्फाच्या चुऱ्यातून येणारा तडतड आवाज. हजारो वर्षांपूर्वी अडकलेली हवा बुडबुड्यांतून सुटते त्याचा. मला स्वतःला ते किनाऱ्यापेक्षा प्रिय आहे. फक्त अंगावर एक थर जास्त घाला, कारण बसून राहिल्याने थंडी चढते.

पहिल्याच संध्याकाळी एक्स्पिडिशन लीडरला, म्हणजे आम्हा गाईडांच्या प्रमुखाला, भेटा, आईंना बरोबर न्या, गुडघ्याचं सांगा. बोटीत त्यांना मागे, चालकाजवळ बसवायला सांगा. तिथे धक्के कमी लागतात.

आणि एक तुमच्यासाठी. मुलं आईचा हात धरायला बघतात, मागून दंड पकडतात, खांद्याला आधार देतात. त्याने त्यांचा तोल जातो. आमच्या आणि तुमच्या हातांची ओढ दोन दिशांना होते. तुम्ही त्यांच्या आधी उतरा, हात रिकामे ठेवून सरळ किनाऱ्यावर दहा पावलं वर जा आणि तिथे वळून उभे राहा. त्या पाण्यातून वर येताना मान उचलून बघतील, तेव्हा समोर तुम्ही दिसायला हवेत.